स्कॅन झालं, पण जपलं का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ग्रंथपाल ताईंचं पत्र आलं आहे. नाव-गाव त्यांच्याच सांगण्यावरून देत नाही. पत्र लांब आहे, त्याचा गाभा तेवढा इथे देते:

"आमचं वाचनालय 'ब' वर्गाचं, शंभर वर्षांहून जुनं. लोखंडी कपाटात १९१८ पासूनची इतिवृत्तं, जुन्या साप्ताहिकांची बांधीव बाडं आणि एका देशमुख घराण्याने दिलेले मोडी कागदांचे ११ रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. गेल्या वर्षी मी आणि आमच्या शिपाईदादांचा मुलगा, दोघांनी मिळून मोबाइलवरच्या ॲपने ४,००० पानं स्कॅन केली. सगळं एकाच हार्ड डिस्कवर होतं. जूनमध्ये वीज कडाडली, लाइट गेली-आली-गेली, आणि डिस्क उघडेना. दुकानदाराने हात टेकले. सचिव म्हणतात, 'काय करून राहिल्या तुम्ही त्या मशिनीवर? एजन्सीले देऊन टाका, पानामागं पैसे घेते.' मला मात्र हे काम नीट शिकायचं आहे. एका संस्थेचा सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स आहे, ४५,००० रुपये. माहितीपत्रक सोबत जोडलं आहे. माझा पगार तुम्हाला न सांगताच कळेल. मालक म्हणतात, कापसाचे पैसे आले की भरू. माझं वय ४१, इंग्रजी कच्चं. घेऊ का हा कोर्स? की दिल्लीला जाऊन शिकू? की आता उशीर झाला?"

ताई,

तुमची ४,००० पानं गेली तसं माझ्याही हातून झालं आहे, म्हणून आधी तेच सांगते. २००७ साली एका संस्थेच्या दप्तरखान्यात आम्ही तिघांनी ६,००० पानं स्कॅन केली. ३१ डीव्हीडी झाल्या. प्रत्येकीवर स्टिकर लावून, क्रमांक घालून लोखंडी कपाटात ठेवल्या. कपाट पश्चिमेच्या भिंतीला, वर पत्रा. आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. आठ उन्हाळे गेले आणि एक संशोधक आला, तेव्हा ३१ पैकी ९ डीव्हीडी उघडल्या. तोवर संस्थेने 'स्कॅन झालंय ना' म्हणून मूळ कागद मागच्या गोदामात हलवले होते, आणि तिथे वाळवीने आपलं काम केलं होतं. ते कागद आता कुठेच नाहीत. तुमच्याकडे मूळ कागद अजून कपाटात आहेत. तुमचं एक वर्षाचं श्रम गेलं, दप्तर शाबूत आहे. हे पुन्हा करता येईल, आणि या वेळी बरं करता येईल.

आता कोर्स. घेऊ नका. माहितीपत्रक मी दोनदा वाचलं. स्कॅनरचे प्रकार, फोटो उजळ करणं, पीडीएफ बनवणं, ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं कॉम्प्युटरकडून वाचून घेणं, सगळं पान पडद्यावर येईपर्यंतचं. तेच पान दहा वर्षांनी उघडेल याची तजवीज कशी करायची, यावर सहा महिन्यांत एक तासही ठेवलेला नाही. तुमचं नुकसान स्कॅन करता न आल्यामुळे झालं का? नाही. स्कॅन केलेलं राखता न आल्यामुळे झालं. कापसाचे पैसे घरात राहू द्या.

डिजिटायझेशन आणि डिजिटल जतन ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं आठवड्याभरात हाताला येतं. दुसरं रोजच्या शिस्तीचं आहे, आणि ती शिस्त तुमच्या अंगात आधीच मुरलेली आहे. नवीन पुस्तक आलं की तुम्ही दाखल नोंदवहीत नोंद करता, दाखल क्रमांक देता, शिक्का मारता, मगच पुस्तक कपाटात जातं. ठरलेल्या वेळी साठा पडताळणी करता. फायलींचंही अगदी हेच करायचं असतं. नोंदीला मेटाडेटा म्हणतात, पडताळणीला फिक्सिटी. हे शब्द पाहून घाबरू नका.

पडताळणीचं एक उदाहरण करूनच बघा, म्हणजे बाकी सगळं समजायला सोपं जाईल. एक साधी फाइल घ्या, 'कापूस' एवढा एकच शब्द लिहिलेली. तिचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून कॉम्प्युटरने काढलेली खूण, काढा. विंडोजच्या कॉम्प्युटरवर ही सोय आधीपासून असते, कॉलेजातल्या कुणा मुलाला विचारलंत तर पाच मिनिटांत दाखवेल. 'शा-२५६' नावाची पद्धत निवडलीत तर पडद्यावर ६४ अक्षर-अंकांची एक ओळ येईल. ती वहीत नाही, एक्सेलमध्ये चिकटवून ठेवा. आता फाइल उघडून 'कापूस'चं 'कापुस' करा, जतन करा, पुन्हा चेकसम काढा. एक ऱ्हस्व-दीर्घ बदलला आणि पूर्ण ओळ बदलली. म्हणजे प्रत्येक फाइलला तिच्या मजकुरावरून निघालेला एक अंगठ्याचा ठसा असतो. आज ठसा घेऊन ठेवला आणि सहा महिन्यांनी पुन्हा घेतला, दोन्ही जुळले, तर फाइल जशीच्या तशी आहे. जुळले नाहीत, तर ती खराब झाली आहे किंवा कुणीतरी हात लावला आहे, आणि दुसऱ्या प्रतीवरून ती परत आणायची. आमच्या ३१ डीव्हीडींचा असा ठसा आम्ही घेतला असता आणि दर वर्षी पडताळला असता, तर पहिली डीव्हीडी बिघडली त्याच वर्षी आम्हाला कळलं असतं.

हे शिकायचं कुठे, तर ज्या क्रमाने मी तुम्हाला पाठवेन त्या क्रमाने सांगते.

पहिल्यांदा फुकटचं, कारण या विषयात फुकटचं खरोखर उत्तम आहे. ब्रिटनमध्ये २००२ पासून डिजिटल प्रिझर्वेशन कोअलिशन नावाची संस्था आहे. तिची डिजिटल जतनावरची हस्तपुस्तिका इंटरनेटवर कुणालाही मोफत वाचता येते. नवशिक्यांसाठी तिचा 'नोव्हिस टू नो-हाऊ' नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे. तो ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या मदतीने तयार झाला आणि लहान संस्था डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. तुमच्यासारख्या एकट्या माणसाला लागतं तेच त्यात आहे: फायली ताब्यात कशा घ्यायच्या, तपासायच्या कशा, ठेवायच्या कुठे. त्याच अभिलेखागाराने 'ड्रॉइड' नावाचं मोफत सॉफ्टवेअर काढलं आहे. फोल्डर दाखवला की आत कुठल्या प्रकारच्या किती फायली आहेत याची यादी ते स्वतःच करतं.

दुसरी गोष्ट एका पानाची आहे. अमेरिकेतल्या नॅशनल डिजिटल स्टुअर्डशिप अलायन्सने २०१३ मध्ये डिजिटल जतनाच्या चार पायऱ्यांचा एक तक्ता काढला, २०१९ मध्ये तो सुधारला. तो छापून घ्या आणि टेबलाच्या काचेखाली सरकवा. तुम्ही आज कुठल्या पायरीवर आहात ते त्यावर बोट ठेवून सांगता येतं. साठवणुकीची पहिली पायरी म्हणते, पूर्ण संग्रहाच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. तुमची एकच प्रत होती, म्हणजे पहिल्या पायरीच्या खाली. आधी पहिली पायरी चढा, चौथीकडे आत्ता बघूही नका.

इंग्रजीचं म्हणाल, तर या कामाचे मोजून पंचवीस-तीस शब्द आहेत आणि ते मराठीत बोलणारेही इंग्रजीच वापरतात. एक दोनशे पानी वही करा. आठवड्याला हस्तपुस्तिकेचा एक भाग, ब्राउझरच्या भाषांतराने वाचला तरी चालेल, आणि जे समजलं ते आपल्या शब्दांत मराठीत वहीत. वाचनालय सकाळी आणि संध्याकाळी उघडं असेल, तर दुपारचे तास तुमचे आहेत. ती वही नंतर दुसऱ्या वाचनालयातल्या ग्रंथपालांना उपयोगी पडेल. मराठीत यावर नीट लिहिलेलं फार थोडं आहे, आणि त्याची मला मनापासून खंत आहे.

तिसरं, नागपूर. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचं कार्यालय तिथे आहे, मध्यप्रांत आणि वऱ्हाडची सरकारी दप्तरं तिथे सांभाळली जातात. सचिवांच्या सहीने वाचनालयाच्या लेटरहेडवर अर्ज करा: आमच्याकडे अमुक इतकी जुनी दप्तरं आहेत, ती कशी हाताळायची हे पाहण्यासाठी आमच्या ग्रंथपालांना चार दिवस यायचं आहे. सर्टिफिकेट मागू नका. रुमाल कसा सोडतात, ठिसूळ कागद कसा उलटतात, कसर लागलेलं बाड वेगळं कसं ठेवतात, हे हाताने करणाऱ्या माणसाशेजारी उभं राहूनच कळतं. आणि तिथेच मोडीच्या प्रशिक्षण वर्गाची चौकशी करा. संचालनालय असे वर्ग घेतं. तुम्ही म्हणाल, मी डिजिटल विचारलं, तुम्ही मोडी सांगता. पण ११ रुमालांची ३,००० छायाचित्रं काढलीत आणि कुठलं पान कशाचं हे लिहिता आलं नाही, तर ती छायाचित्रं पुन्हा कधी कुणाला सापडणार नाहीत. वतनाचा कागद, कर्जरोखा, सोयरिकीचं पत्र, एवढं वेगळं ओळखता आलं तरी नोंद होते. माझ्या मते तुमच्या यादीत मोडी स्कॅनरच्या आधी यायला हवी.

मग दिल्ली. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख प्रशिक्षणाचं विद्यालय १९७६ पासून चालू आहे. तिथे एक वर्षाची पदविका आहे आणि काही आठवड्यांचे छोटे प्रमाणपत्र वर्गही असतात: कागदांची निगा, अभिलेखांची दुरुस्ती, प्रतिमुद्रण, अभिलेख व्यवस्थापन. तुम्हाला छोटा वर्ग हवा. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात पाहा आणि संस्थेने पाठवलेली उमेदवार म्हणून अर्ज करा, रजेचा प्रश्नही त्याने सुटतो. पण आधी वर सांगितलेलं सहा महिने करून मग जा. हातात आपलं काम असलेली बाई वर्गात जे प्रश्न विचारते, ते कोरी वही घेऊन आलेल्याला सुचत नाहीत. दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपालांनी वर्गात आपल्याकडचा एक फाटका नकाशा मांडला, आणि पुढचे दोन दिवस सगळा वर्ग त्या नकाशावर शिकला.

एक वर्षाचे अभ्यासक्रम, म्हणजे वर म्हटलेली पदविका किंवा दिल्लीच्याच इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातले पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम, चांगले आहेत. पण ते ज्यांना नोकरी बदलायची आहे त्यांच्यासाठी. तुमच्या पत्रात नोकरी बदलण्याचं एक अक्षर नाही. इग्नूचा ग्रंथालय स्वयंचलनाचा पदविका अभ्यासक्रम घरी राहून होतो, पण त्याचा भर ग्रंथालयाच्या संगणकीकरणावर आहे, जतनावर नाही. अमेरिकन अभिलेखपालांच्या संघटनेचं डिजिटल अभिलेखांचं प्रमाणपत्र जगात मानलं जातं, फी डॉलरमध्ये. आपल्या कामाला त्याची गरज नाही.

सोबत्यांचं सांगायचं राहिलं. एकटीने हे फार दिवस निभत नाही. तुमच्या जिल्ह्यात जुनी वाचनालयं कमी नाहीत, प्रत्येक ठिकाणी असंच एक कपाट आहे. जिल्हा ग्रंथालय संघाच्या अधिवेशनात एक दिवसाच्या कार्यशाळेचा ठराव मांडा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची अशा कार्यशाळा-प्रशिक्षणांसाठी साहाय्याची योजना आहे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे त्याची चौकशी करा. नोव्हेंबरच्या पहिल्या गुरुवारी जागतिक डिजिटल जतन दिन असतो, त्या दिवशी जगभरातली मंडळी आपापलं काम ऑनलाइन मांडतात. त्या दिवशी चार-पाच ग्रंथपाल तुमच्या वाचनालयात एका पडद्यासमोर बसलात तर तीच पहिली कार्यशाळा.

आता थोडं हाताचं काम, कारण तुमच्या पत्रातल्या एका ओळीने मला झोप लागू दिली नाही. तुम्ही लिहिलंय की १९३०च्या इतिवृत्तात, जुलैच्या सभेखाली अध्यक्षांच्या सहीच्या जागी सही नाही, पेन्सिलीने बारीक 'अटकेत' लिहिलंय, आणि स्कॅनमध्ये ते दिसत नव्हतं. १० जुलै १९३० ला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून सत्याग्रह केला. तुमचे अध्यक्ष त्यातच गेले होते का, ते शोधायला ती एक पेन्सिलची खूण हाच धागा आहे. आणि मोबाइलच्या ॲपने नेमकी तीच पुसली. ही ॲप्स पावत्या आणि झेरॉक्ससाठी बनलेली असतात. कागद पांढराशुभ्र, अक्षर काळं कुळकुळीत करणं हेच त्यांचं काम. पिवळेपणा, डाग, पेन्सिल, फिकट शिक्का, सगळा त्यांच्या लेखी कचरा.

म्हणून ॲप नको. साधा कॅमेरा चालेल, कुणाचा उसना आणलेला चालेल. तो स्टँडवर उलटा, भिंग पानाला समांतर. दोन बाजूंनी सारखे दोन दिवे, तिरपे, म्हणजे चमक येत नाही. पानाशेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळतो. बांधीव बाड सपाट दाबू नका, दोन उशांवर अर्धवट उघडा. कागद आपोआप ओढून घेणारं स्कॅनर जुन्या कागदाजवळही आणू नका. कॅमेऱ्यात 'रॉ', म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न बदललेली फाइल, निघत असेल तर रॉ, आणि त्यावरून टिफ, म्हणजे जपून ठेवायच्या चित्राची फाइल. ए-४ आकाराचं एक पान ३०० पीपीआयने (म्हणजे इंचाला ३०० ठिपके), रंगीत, फाइल कॉम्प्रेस न करता टिफमध्ये ठेवलं तर साधारण २६ एमबी होतं. म्हणजे तुमची ४,००० पानं १०० जीबीच्या थोडी वर. एक टीबीच्या दोन डिस्कमध्ये सहज मावतील. एक वाचनालयात, एक दुसऱ्या गावात विश्वासाच्या माणसाकडे किंवा कॉलेजात, आणि जमलं तर तिसरी प्रत ऑनलाइन. काम झालं की डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. जूनमध्ये ती जोडलेली नसती तर वाचली असती. अडचणीच्या जागी काम कसं मांडायचं यावर ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातील अभिलेख कार्यक्रमाने २०१८ मध्ये एक पुस्तक काढलं, ते मोफत वाचता येतं. लाइट जाणं, धूळ, उकाडा, सगळ्याचा विचार त्यात आहे.

कायद्याचं थोडक्यात. स्वतःकडे छापील प्रत असलेल्या पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाला २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने मुभा दिली आहे. ठेवायला, इंटरनेटवर टाकायला नाही. ऑनलाइन टाकण्याआधी लेखक जाऊन ६० वर्षं झाली का ते पाहा. आणि सभासदांच्या वर्गणीच्या वह्या कितीही जुन्या असल्या तरी ऑनलाइन टाकू नका, त्यात घराघराची उधारी असते.

सचिवांचं म्हणणंही उडवून लावू नका. साप्ताहिकांच्या मोठ्या बाडांसाठी एजन्सी लागेलही. पण मूळ बाड वाचनालयाबाहेर जाणार नाही, टिफच्या मूळ फायली आणि त्यांच्या चेकसमची यादी आपल्याला मिळेल, फाइलच्या नावात आपलाच दाखल क्रमांक असेल, आणि दर शंभरातली पाच पानं आपण मूळ पानाशी ताडून मगच बिल काढू, हे करारात लिहून घ्या. हे तपासणारं माणूस वाचनालयात असलं पाहिजे. तुम्ही शिकायला हवं त्याचं हे सर्वात रोकडं कारण आहे, आणि समितीपुढे तेच मांडा. आपल्याला दर वर्षी मिळतं त्या अनुदानाच्या नावातच परिरक्षण आहे, हेही सांगा.

वयाचं तुम्ही विचारलंत. मी चेकसम पहिल्यांदा काढला तेव्हा ४८ वर्षांची होते.

सुरुवात १९३०च्या इतिवृत्तानेच करा, पूर्ण नको, जूनपासून सप्टेंबरपर्यंतची पानं. एक्सेलमध्ये पाच रकाने: फाइलचं नाव, बाडाचा दाखल क्रमांक, पान क्रमांक, तारीख, शेरा. सहाव्यात चेकसम. त्या जुलैच्या पानासमोर शेऱ्यात लिहा: 'अध्यक्षांची सही नाही, जागी पेन्सिलीने "अटकेत", अक्षर वेगळं, मूळ पानावर तपासलं.' खाली तुमचं नाव आणि तारीख. यादी झाली की मला पाठवा, मी ती ओळीने पाहीन.